उजवा गाल सलूहाचा

समुद्रकाठच्या महदियाच्या जुन्या गल्ल्यांतून सलूहा खजुराच्या पानांची टोपली काखेत मारून निघाली, की दारादारातल्या बायका एकच शब्द विचारत, "कुणाचं?" लग्न कुणाचं, एवढाच त्याचा अर्थ. सलूहा उत्तर देत नसे. नुसती हनुवटी वर करून पुढे जाई, आणि ती कुठल्या गल्लीत वळते हे बघायला निम्म्या बायका तव्यावरची भाकरी तशीच सोडून गच्चीवर धावत. सलूहाला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून कधीकधी ती काम नसताना दोन गल्ल्या जास्तीच्या फिरायची.

ती हन्नाना होती, म्हणजे नवरी घडवणारी बाई. मेंदी काढायची ती तिने, साखरेच्या पाकाने अंगावरची लव उपटायची ती तिने, हम्मामच्या वाफेत नवरीला माती चोळून घासायचं ते तिने. आणि लग्नाआधी नवरीला जे घरात कोंडून ठेवतात, ऊन नाही, वारा नाही, परकी नजर नाही, तो हजबा तर सगळा तिच्याच हुकमतीत. पूर्वी चाळीस दिवसांचा असे, आता मुली नोकऱ्या करतात म्हणून वीस-एकवीस दिवसांवर आला होता, आणि त्यावरून सलूहा सरकारला, शाळांना आणि आयांना सारख्याच शिव्या घालत असे. गेली एकोणतीस वर्षं गावातली निम्मी लग्नं तिच्या हाताखालून गेली होती. तिच्या नाकावर बसायची माशीची टाप नव्हती.

तिचं सगळं नाव होतं ते तिच्या तेलावर. नोव्हेंबरातल्या पहिल्या घाण्याचं ऑलिव्हचं तेल, त्यात लवंग, कलौंजी आणि आणखी काय काय घालून ते मंद आचेवर दोन दिवस ठेवायचं. ते कोमट करून नवरीच्या तोंडाला थापायचं आणि सकाळपर्यंत पुसायचं नाही. नियम तीन. नवरीने आरशात पाहायचं नाही, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, आणि जलव्याच्या दिवसापर्यंत तिचा उघडा चेहरा सलूहाशिवाय कुणी पाहायचा नाही, जन्मदात्या आईनेसुद्धा नाही. आया जेवणाचं ताट दाराशी ठेवून मुकाट परत जात.

मग जलवा. भर दुपारनंतर बायकांनी गच्च भरलेल्या अंगणात नवरीला चौरंगावर उभं करायचं, जरीच्या ओझ्याने वाकलेली, डोळे मिटलेले, दोन्ही तळहात गालांशी उघडे धरलेले. हन्नानाने बुरखा काढायचा आणि खांद्यांना धरून तिला सावकाश सात वेळा फिरवायचं. सगळं गाव बघणार, आणि बघण्यासाठीच आलेलं असणार. नवरीचा चेहरा तुकतुकीत निघाला की सलूहाच्या नावाने आरोळ्या. बहुतेक वेळा तो तसाच निघे.

पण दहांतल्या तीन-चार मुलींना जलव्याच्या तोंडावर पुटकुळ्या येत. लाल, टरटरून आलेल्या. तेव्हा सलूहा निखाऱ्यावर मीठ टाकी, धूप फिरवी, पुटकुळ्यांवर पांढरी पेस्ट बोटभर थापी आणि आयांना हळूच म्हणे, "नजर लागली." कुणाची, ते ती सांगत नसे. तेवढा शहाणपणा तिच्याकडे होता. सत्तावीस वर्षांपूर्वी मात्र एकदाच तिने सांगितलं होतं.

तेव्हा ती धंद्यात नवखी होती. नवरी होती नझीहा, घर मोठं, आणि नझीहाचे दोन्ही गाल फुटून आलेले. जलव्याच्या वेळी सासूने भर अंगणात विचारलं, हे काय झालं माझ्या सुनेला? सलूहाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने वर पाहिलं, तर समोर नझीहाची नणंद महबूबा. अठरा वर्षांची, डोळे समुद्रासारखे निळे, हौसेने भावजयीच्या माहेरी येऊन खोलीच्या दाराशी ताटं पोचवणारी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "असे निळे डोळे येता-जाता पडले, तर दुसरं काय होणार," सलूहा म्हणाली.

एवढंच एक वाक्य. पण गाव लहान आणि वाक्याला पाय फार. महबूबाचं पुढे लग्न झालं, समोरच्याच घरात दिलं, नणंद-भावजयीत कधी भांडण म्हणून झालं नाही. रोजची देवाणघेवाण, रोजच्या गप्पा. मात्र नझीहाच्या घरात काही आनंदाचं घडलं, बाळ झालं, कुणी परीक्षा पास झालं, की महबूबा आपणहून आपलं दार लावून घेई. कुणी सांगायची गरज राहिली नव्हती. लग्नांना ती जायची, पण दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसायची, नजर जमिनीवर, आणि नवरीचा बुरखा निघायच्या आत उठून घरी. आपल्या एकुलत्या एका भाचीला तिने लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं, पण तिच्या वाढदिवसाला मात्र ती तिच्याकडे नजर उचलून पाहत नसे.

त्याच भाचीचं, बेयाचं, आता लग्न ठरलं होतं, आणि या उन्हाळ्यात सलूहाची टोपली नझीहाच्या दारात येऊन थांबली.

बेया ऑलिव्हचं तेल तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या नळ्यांत तेल घालून ते खरं की भेसळीचं, ताजं की खवट हे ती सांगायची. मुलगी हसरी, जिभेने तिखट, आणि तिचा चेहरा सोळाव्या वर्षापासून तेलकट. जरा काही झालं की हनुवटी भरून यायची. हजब्याच्या पहिल्या दिवशी सलूहाने आरशावर चादर टाकली, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि तेलाची बाटली बाहेर काढली, तेव्हा बेयाने उशीखालून आपली बाटली काढली. बोटाएवढी, तपकिरी काचेची, वर रबरी टोपी आणि थेंब सोडायची नळी.

"खाल्ती, तुझं तेल खायला सोनं आहे," ती म्हणाली. गावातल्या सगळ्या मुली सलूहाला खाल्तीच म्हणत, म्हणजे मावशी. "पण माझ्या गालाला नको. मला हे सिरम लाव."

सलूहाने बाटली दोन बोटांत अशी धरली, जणू कुणी मेलेला उंदीर दिला होता. यात काय आहे म्हणून तिने विचारलं. निवडुंगाच्या बोंडांच्या बियांचं तेल, बेया म्हणाली, आणि ऑलिव्हच्या पानांचा अर्क. बियांचं तेल डोंगराकडच्या बायकांच्या घाण्यावरून आणलेलं, अर्क तिने स्वतः काढलेला. त्या फळाला आमच्याकडे 'हिंदी' म्हणतात, का ते कुणालाच माहीत नाही. ऑगस्टात गल्लोगल्ली हातगाड्यांवर सोलून विकतात आणि बिया सगळे गिळून टाकतात.

"त्याच बिया ना," सलूहा म्हणाली, "ज्या गिळून माझ्या नवऱ्याला तीन दिवस परसाकडे होईना? पोटाला चालत नाही ते तोंडाला चालणार?"

बेयाने मग तिला समजावलं. चेहऱ्यावरचं तेल हवेने, उन्हाने खराब होतं, भोकं बुजतात, आत सूज येते. यातले अँटिऑक्सिडंट ते खराब होऊ देत नाहीत. सलूहाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा बेया म्हणाली, "आर्टिचोक चिरलास की तो काळा पडतो. मग तू काय करतेस? लिंबाच्या पाण्यात टाकतेस. बस, तेच."

"तू आर्टिचोक नाहीस. नवरी आहेस."

ताट दाराबाहेर ठेवायला आलेली नझीहा तिथूनच ओरडली, की या पोरीला शिकवलं तेच चुकलं, सलूहा, तू म्हणशील तसं. पण बेया हटेना आणि सलूहा तर हटणाऱ्यांतली नव्हतीच. शेवटी बेयाने प्रयोगशाळेतली सवय बाहेर काढली. दोन नमुने घ्यायचे आणि शेजारीशेजारी ठेवून बघायचं. उजवा गाल सलूहाचा, डावा गाल बेयाचा. नाक कुणाचं, यावर थोडी घासाघीस झाली आणि नाक सरहद्द ठरलं, तिथे कुणी काही लावायचं नाही.

"आणि पैज?" सलूहाने विचारलं.

बेया जराशी गंभीर झाली. "तुझा गाल जिंकला तर मी सिरमचं नाव काढणार नाही. माझा जिंकला तर तू स्वतः अम्मती महबूबाकडे जायचंस. जलव्याला पुढच्या रांगेत, माझ्यासमोर येऊन बस, असं तू तिला सांगायचंस. तू सांगितलंस तरच ती येईल. मी दहा वेळा विचारून झालं."

अम्मती म्हणजे आत्या. दाराबाहेर नझीहाच्या हातातलं ताट खणखणलं. असं वेडंवाकडं बोलू नये, ती म्हणाली, महबूबावर माझाही जीव आहे, पण जलव्याच्या दिवशी कशाला परीक्षा बघायची? सलूहा मात्र तोंडभर हसली. एकोणतीस वर्षांत न हरलेली बाई ती. तिने ताबडतोब हात पुढे केला आणि पैज लागली.

आरसा झाकलेला, आई दाराबाहेर, बोट लावायला बंदी. म्हणजे निकाल सांगणारी एकटी सलूहाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तसं झालं. पण त्या दिवशी तिला त्याची गरज पडेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिले पाच दिवस मजेत गेले. रोज संध्याकाळी आंघोळ झाली की सलूहा उजव्या गालावर आपलं तेल हाताने थापी, गाणी म्हणे, गावातल्या प्रत्येक सासूची उणीदुणी काढी. मग नळीने मोजून तीन थेंब डाव्या गालावर टाकी. तिच्या मते हा शुद्ध कंजूषपणा होता. तीन थेंबांत काय होतं, एवढ्याने चिमणीचं तोंड ओलं होणार नाही, हे ती रोज न चुकता ऐकवायची. बेया हसून हसून बेजार व्हायची. दिवसभर ती जाड कादंबऱ्या वाचायची, आईने दाराशी ठेवलेला तेल-मधात कालवलेला सातू खायची आणि संध्याकाळी विचारायची, "आज काय, खाल्ती? कोण पुढे?"

सहाव्या दिवशी उजव्या गालावर दोन पुटकुळ्या आल्या. सलूहाने दिव्याखाली निरखून पाहिलं. डावा गाल होता तसा, उलट हनुवटीच्या त्या बाजूला आधीच्या ज्या दोन होत्या, त्या बसत चालल्या होत्या. "दोन्ही सारखे," ती म्हणाली.

आठव्या दिवशी पाच झाल्या. "दोन्ही सारखे."

दहाव्या दिवशी उजवा गाल नझीहाच्या सत्तावीस वर्षांपूर्वीच्या गालासारखा दिसू लागला, आणि सलूहाचं गाणं बंद झालं. बेयाने विचारलं, आज गात का नाहीस, तर घसा बसलाय म्हणाली. खाई त्याला खवखवे. घरी जाऊन तिने तेलाची बाटली हुंगली, चाखली. तेल उत्तम होतं. मग तिने एक गोष्ट केली, जी तिने आयुष्यात कधी केली नव्हती. दोन दिवस तेल लावायचं नुसतं सोंग केलं. कोरडाच हात उजव्या गालावर फिरवला. गाल निवला, लाली उतरली. तेराव्या दिवशी पुन्हा तेल थापलं. पंधराव्या दिवशी पुटकुळ्या परत हजर, शिवाय सोबत दोन पाहुण्या.

अजून एक वाट शिल्लक होती आणि सलूहा तिच्याकडे धावली. नजर! अर्थात नजरच लागली असणार. तिने तिथल्या तिथे निखारे मागवले, मुठीत मीठ घेतलं आणि बेयाच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला. हात तिथेच थांबला. नजर कुणाची? पंधरा दिवसांत या पोरीचा चेहरा तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. महबूबाने तर या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. आणि समजा भिंतीतून, दारातून कुणाची नजर आत आली, तरी ती उजव्या गालावर बसून नाकाशी थांबली कशी? नजर काही गालांची वाटणी करून लागत नाही. सरहद्द सलूहाने आणि बेयाने आखली होती, ती नजरेला कुणी सांगितली?

मुठीतलं मीठ घामाने ओलं झालं. बेयाने विचारलं, काय झालं, खाल्ती? काही नाही, म्हणून सलूहाने टोपली उचलली आणि बाहेर पडली.

तिला पुटकुळ्या आलेल्या त्या बाकीच्या मुली आठवायला लागल्या. सुआद, झक्किया, डॉक्टरीणबाईची धाकटी. सगळ्या तेलकट कातडीच्या. ज्यांची कातडी कोरडी, त्या तिच्या तेलाने उजळायच्या. ज्यांची मुळात तेलकट, त्यांना ती तेलात तेल घालून, वर सातूत कालवलेलं तेल खाऊ घालून, स्वतःच्या हाताने पुटकुळ्या आणत होती. आणि एका निळ्या डोळ्यांच्या पोरीला सत्तावीस वर्षं चपलांजवळ बसवत होती. सलूहाला आपली स्वतःची एवढी चीड आली की गल्लीत एक बाई "कुणाचं?" म्हणाली, तिच्यावर ती खेकसली.

ती तडक महबूबाच्या घरी गेली. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेली. महबूबा अंगणात बोंडं सोलत बसली होती. तिने सलूहाला बसवलं, थंडगार बोंडं पुढे ठेवली, नवरी जेवते का, झोपते का, वजन तर घटलं नाही ना, सगळं विचारलं. कशी दिसते, हे मात्र विचारलं नाही. सलूहा तोंड उघडणार, तेवढ्यात महबूबा आत जाऊन कागदात गुंडाळलेलं काही घेऊन आली. स्वतःच्या मागावर पाच महिने खपून विणलेला रेशमी पट्टा होता तो, काठाला जर.

"हा बेयाला दे," ती म्हणाली. "बाजारातून आणला म्हणून सांग. माझ्या हातचा आहे कळलं तर नझीहाच्या मनात उगीच पाल चुकचुकेल. तो पोरीच्या अंगावर असेपर्यंत तिला धाकधूक."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, पावसाची शक्यता आहे, छत्री ने म्हणतात तसं. त्यापुढे सलूहाला आपलं सांगणं जमेना. तिने पुडकं टोपलीत टाकलं, बोंडं तशीच राहिली, आणि ती उठून चालू लागली.

दुसऱ्या संध्याकाळी तिने बेयाच्या पुढ्यात पट्टा ठेवला. बेयाने तो उलटासुलटा केला आणि म्हणाली, ही वीण तर अम्मतीची. सलूहा तिच्यासमोर बसली. मग तिने सगळं सांगितलं. पाच पुटकुळ्या, दोन्ही सारखे म्हणून मारलेल्या थापा, कोरडा हात, मुठीतलं मीठ, काही लपवलं नाही. मध्येच ती रडायला लागली, आणि सलूहाला रडताना पाहिलेलं माणूस महदियात तोवर नव्हतं.

"मला ठाऊक होतं," बेया म्हणाली. "गाल माझा आहे, खाल्ती. ठणकत होता."

"मग बोलली का नाहीस, कार्टे?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

सलूहाने तिथल्या तिथे तेलाची बाटली टोपलीत तळाशी घातली आणि दोन्ही गालांवर तीन-तीन थेंब सिरम टाकलं. पाच दिवस उरले होते. पाच दिवसांत काही चमत्कार होत नाही, हे बेयाने तिला बजावलं, याला महिना-दीड महिना लागतो. काळजी करू नकोस, सलूहा म्हणाली, राहिलं त्यावर मी पांढरी पेस्ट लावीन, कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि उद्याच जाऊन मी महबूबाची माफी मागते.

बेयाने मान हलवली. "तिच्या घरी, चार भिंतींत माफी मागून काय उपयोग? तू बोललीस ते जलव्यात, सगळ्यांसमोर. परत घ्यायचं तेही तिथेच घे. आणि पेस्ट नको. माझा गाल जसा आहे तसा दिसू दे."

"अगं, अख्खं गाव बघणार आहे. आयुष्यात एकदा उभी राहतेस तू त्या चौरंगावर."

"बघू दे. नाहीतर तुझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

पैजेप्रमाणे सलूहा महबूबाकडे गेली आणि पुढे येऊन बस म्हणाली. महबूबाने हसून नकार दिला. सलूहाने फार गळ घातली तेव्हा एवढंच कबूल केलं, की दाराशी बसेन, पण या खेपेस शेवटपर्यंत थांबेन.

जलव्याच्या दिवशी नझीहाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वर शिडांची कापडं बांधून सावली केलेली, कोपऱ्यात डफवाल्या बायका, धुपाचा धूर, लेकरांची रडारड. दाराजवळ चपलांच्या ढिगापाशी महबूबा, हात मांडीवर, नजर फरशीवर. चौरंगावर बेया, कमरेला रेशमी पट्टा, डोळे मिटलेले, तळहात गालांशी. सलूहाने बुरखा उचलला.

डफ वाजत राहिले, पण आरोळी अर्ध्यातच विरली. डावा गाल नितळ, तुकतुकीत, आणि उजव्या गालावर सात पुटकुळ्या, मावळत आलेल्या पण लपण्यासारख्या नाहीत. बायका एकमेकींना कोपर मारायला लागल्या. नवऱ्याची आई, हाजा तुर्किया, पुढच्या रांगेत होती. बाई मनाने वाईट नव्हती, पण तिला मनात काही ठेवता येत नसे.

"सलूहा, हे काय गं?" तिने विचारलं. "कुणाची नजर लागली माझ्या सुनेला?"

आणि मग तेच झालं जे सत्तावीस वर्षांपूर्वी झालं होतं. एकेक करून माना दाराकडे वळल्या. महबूबा उठून उभी राहिली, आपल्या चपला शोधायला लागली.

"थांबवा ते डफ," सलूहा ओरडली. डफ थांबले. "महबूबा, जाऊ नकोस. आणि बायांनो, इकडे बघा, तिकडे नको. हा उजवा गाल मी केलाय. माझ्या तेलाने, माझ्या या हातांनी. डावा बेयाने तिच्या सिरमने केलाय. एकवीस दिवस ही पोरगी बंद खोलीत होती, माझ्याशिवाय तिला कुणी पाहिलं नाही. नजर लागायची तर ती अर्ध्या चेहऱ्याला लागते का? कुणी पाहिलीय अशी नजर? नझीहा, तुझेही गाल मीच फोडले होते. मी घाबरले, आणि माझं पाप एका अठरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांवर ढकललं. ते शब्द मी आज परत घेते. ज्यांनी तेव्हा ऐकले त्यांनी आज हेही ऐका, आणि ज्या मेल्या त्यांच्या मुलींनी ऐका."

मग मधल्या रांगेतून सुआद उठली. दोन मुलांची आई, अंगाने चांगली भरलेली. तिने हनुवटीला हात लावून विचारलं, "म्हणजे माझ्या जलव्याला इथे जे झुबकेच्या झुबके आले होते..."

"तेही माझेच," सलूहा म्हणाली.

"आणि मी अकरा वर्षं मोठ्या जावेशी बोलले नाही त्यापायी!"

मोठी जाऊ तिच्या मागेच बसली होती. ती म्हणाली, अकरा नाही, साडेअकरा, आणि मला तर त्यात सुखच होतं. त्यावर पहिल्यांदा हशा फुटला. मग दुसरी उठली, तिसरी उठली. माझे? तुझेही. आणि माझे गं, खाल्ती? "तुझे नाहीत," सलूहाने डोळे पुसता पुसता सांगितलं, "तू गादीखाली बदामाची मिठाई लपवून खात होतीस, मी पाहिली होती." बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. आपल्याला आता गावात कुणी हन्नाना म्हणून बोलावणार नाही, असा विचार सलूहाच्या मनात येऊन गेला, आणि तिला फारसं वाईटही वाटलं नाही. तेवढ्यात हाजा तुर्कियाने विचारलं, की माझ्या धाकटीचं पुढच्या वर्षी आहे, तिचीही कातडी तेलकट आहे, तर हे सिरम तूच लावशील ना?

या सगळ्या गलक्यात नझीहा मात्र हसत नव्हती. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि बघता बघता ती बायकांच्या मांड्या तुडवत, कुणाची माफी न मागता, दाराकडे चालत गेली. महबूबा एक चप्पल हातात धरून तशीच उभी होती. नझीहाने ती चप्पल काढून घेतली आणि ढिगावर टाकून दिली.

"चल पुढे," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं मूर्खासारखी... चल."

तिने महबूबाचा हात धरला आणि तिला ओढतच आणली. बायकांनी अंग चोरून वाट केली. सुआदने तर आपली उशीच पुढे सरकवली. चौरंगासमोर येऊन महबूबा उभी राहिली, पण मान खालीच, नजर नवरीच्या पायांवर. सवय ती सवय. जलवा संपेपर्यंत नवरीने डोळे उघडायचे नसतात, हा रिवाज आमच्या गावात कुणी मोडलेला नाही. बेयाने उघडले.

"अम्मती," ती म्हणाली, "वर बघ ना. पाय काय बघतेस?"

महबूबाने मान वर केली. ते निळे डोळे आधी कमरेच्या पट्ट्यावर गेले, मग जरीवर, मग हळूहळू, घाबरत घाबरत, चेहऱ्यावर. ती डाव्या गालाकडे पाहत राहिली, उजव्या गालाकडे पाहत राहिली, आणि तिच्या ओठांची हालचाल होत होती, बहुधा ती पुटकुळ्या मोजत होती. मग ती हसली आणि म्हणाली, "किती सुंदर दिसतेस गं." सत्तावीस वर्षांत हे वाक्य तिने कुठल्याही नवरीला म्हटलं नव्हतं.

डफवाल्यांनी कुणी न सांगता डफ उचलले. सलूहाने बेयाच्या खांद्यांना धरून तिला सावकाश सात वेळा फिरवलं, आणि सात फेऱ्या झाल्या तरी महबूबाचं बघून झालं नव्हतं, म्हणून तिने आणखी एकदा फिरवलं.